गँग स्टारच्या ‘स्टेप इन द अरीना’त जॅझ नेमका कुठे आहे?

प्रश्न असा आला आहे: ‘मी नाशिकला इंजिनीअरिंग करतो, मराठीत रॅप लिहितो, लॅपटॉपवर बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, बनवतो. गँग स्टार या जोडीचा दुसरा अल्बम ‘स्टेप इन द अरीना’ जॅझ-रॅपमधला महत्त्वाचा अल्बम आहे, असं सगळीकडे वाचलं. तीनदा ऐकला. एकही सोलो नाही, पियानो कोणी धड वाजवत नाही, एकच तुकडा गाणंभर फिरत राहतो आणि वर एक माणूस एकाच सुरात बोलतो. यात जॅझ कुठे आहे? आणि मला तशी बीट करायची असेल तर काय शिकू?’

तुमचे कान ठीक आहेत. मीही पहिल्यांदा ऐकला तेव्हा हेच म्हणालो होतो. १९९२ साली माझा मामेभाऊ मर्चंट नेव्हीत होता, त्याने कुठल्याशा बंदरातून भरून आणलेली नव्वद मिनिटांची कॅसेट माझ्या हातात पडली. एका बाजूला हा अल्बम होता. अल्बम सुमारे ५० मिनिटांचा आणि कॅसेटची बाजू ४५ची, त्यामुळे शेवटचा भाग कापलाच गेला होता. ती गाणी मी कित्येक वर्षांनी ऐकली. तेव्हा मी दादरला तबला शिकत होतो, आठवं वर्ष चालू होतं, आणि माझं मत ठाम होतं की हा नुसता ठेका आहे, वादन सुरू व्हायचंच राहून गेलंय. पुढे तीसेक वर्षं स्टुडिओत रेकॉर्डिंग आणि ड्रम प्रोग्रॅमिंग करण्यात गेली. आता मत बरोबर उलटं झालंय. ते का उलटलं ते सांगतो, त्यातच तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं येतील.

आधी जॅझचा शिक्का बसला कसा ते बघू. जोडीतला बोलणारा तो गुरू. खरं नाव कीथ इलम, बॉस्टनचा, वडील न्यायाधीश, स्वतः अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजातून शिकलेला. बीट करणारा डीजे प्रीमियर म्हणजे क्रिस्टोफर मार्टिन, टेक्ससमधल्या ह्यूस्टनचा. दोघेही न्यूयॉर्कचे नव्हेत, तिथे येऊन वसलेले. त्यांचा पहिला अल्बम ‘नो मोअर मिस्टर नाइस गाय’ १९८९ साली वाइल्ड पिच या छोट्या कंपनीने काढला. त्यात जॅझ अगदी उघड्यावर मांडलेला होता. ‘वर्ड्स आय मॅनिफेस्ट’मध्ये जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या ‘अ नाइट इन ट्युनिशिया’चा तुकडा होता, आणि एका गाण्याचं तर नावच ‘जॅझ म्युझिक’. हे दिग्दर्शक स्पाइक लीच्या कानावर गेलं. तो तेव्हा एका ट्रम्पेटवादकाच्या आयुष्यावर ‘मो बेटर ब्लूज’ हा चित्रपट करत होता. त्या १९९०च्या चित्रपटासाठी या दोघांनी सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिसबरोबर ‘जॅझ थिंग’ केलं. जॅझचा इतिहास रॅपमध्ये सांगणारं गाणं. गाणं गाजलं आणि मोठ्या क्रिसॅलिस कंपनीशी करार झाला. आता पुढच्या अल्बमला ट्रम्पेटची नुसती आतषबाजी होणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं.

आणि जानेवारी १९९१मध्ये आला ‘स्टेप इन द अरीना’. त्यात जॅझ वरवर बघता कमीच झाला होता.

शिक्का मात्र तसाच राहिला, आणि तुम्ही तो शिक्का वाचून अल्बम ऐकलात. गोंधळ तिथे आहे. या अल्बमची गाजलेली गाणी कशातून आली बघा. ‘जस्ट टू गेट अ रेप’चा तो गूढ, किंचित गार वाटणारा तुकडा झाँ-झाक पेरे या फ्रेंच माणसाचा आहे. १९७०च्या ‘मूग इंडिगो’ या त्याच्या रेकॉर्डवरचं ‘ई.व्ही.ए.’. पेरे म्हणजे मूग सिंथेसायझरवर खेळकर, चमत्कारिक संगीत करणारा कलाकार. जॅझच्या मैफलीत त्याला कुणी बसवलं नसतं. ‘चेक द टेक्निक’मधली ती झपाटून येणारी व्हायोलिनं मार्लेना शॉच्या ‘कॅलिफोर्निया सोल’मधली, १९६९ची. म्हणजे सोल. ‘हूज गॉना टेक द वेट?’ हे नाव कूल अँड द गँगच्या जुन्या फंक गाण्याचं. थोडक्यात एक फ्रेंच मूगवाला, एक सोल गायिका आणि एक फंक बँड. आता यात जॅझ कुठला म्हणून विचारलंत तर चूक नाही.

माझं उत्तर असं की जॅझ सामानात नाही, हातात आहे. तो ड्रमच्या ठोक्यात आहे, ठोक्यांमधल्या जागेत आहे आणि गुरू शब्द कुठे टाकतो त्यात आहे. एकेक बघू, आणि ड्रमवर जरा जास्त वेळ थांबू, कारण बीट करणाऱ्याला खरी मेहनत तिथेच आहे.

त्या काळी ही मंडळी ड्रम वाजवून घेत नसत, १९७०च्या आगेमागे निघालेल्या फंक, सोल आणि सोल-जॅझच्या तबकड्यांवरून उचलत. त्या तबकड्यांवरचे कितीतरी ड्रमवादक जॅझच्या तालमीतून आलेले होते. इद्रिस मुहम्मद घ्या, न्यू ऑर्लिन्सचा माणूस. सॅक्सोफोनवादक लू डोनाल्डसनच्या, ब्लू नोट या जॅझ कंपनीने काढलेल्या १९६७च्या ‘ओड टू बिली जो’वरचे त्याचे ड्रम रॅपवाल्यांनी पुन्हापुन्हा वापरलेत. या वादकांचा हात फंक वाजवताना सरळ चालतो, पण मनगटात जॅझचा झोल शिल्लक असतो. तबलेवाल्याला हे चटकन कळेल. कहरवा लिहिताना आठ सारख्या मात्रा लिहितो, वाजवताना कोणीही चांगला वादक त्या सारख्या ठेवत नाही. लावणीच्या ढोलकीत तर तो झुलता ठेका चार आणि तीन यांच्या मधे कुठेतरी लटकत असतो, आणि त्या लटकण्यातच नाचणारीचा पाय हलतो. जॅझचा स्विंग याच जातीचा आहे. प्रमाण वेगळं, खानदान वेगळं, पण कान त्याच ठिकाणी लागतो.

शिवाय मोठ्या ठोक्यांच्या मधे वादक स्नेअरवर, म्हणजे कडक वाजणाऱ्या छोट्या ड्रमवर, काडी नुसती टेकवतात. ऐकू येतं न येतं इतकं. क्लाइड स्टबलफील्डचं ‘फंकी ड्रमर’ ऐका, सगळी गंमत या झाकलेल्या ठोक्यांत आहे. लॅपटॉपवर किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर नेमक्या रेघेवर ठेवणाऱ्याच्या बीटमध्ये हे ठोके नसतात, म्हणून ती बीट मुंबईच्या लोकलच्या घोषणेसारखी वाटते. बरोबर असते, पण ऐकून कोणी मान डोलवत नाही.

यंत्रांचाही यात वाटा आहे. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा ई-म्यू कंपनीचा एसपी-१२०० हा सँपलर, म्हणजे आवाजाचा तुकडा (सँपल) साठवून बोटाने कळ (पॅड) दाबली की वाजवणारं यंत्र, घरोघरी होता म्हणा ना. १९८७चं यंत्र, १२ बिट, २६ किलोहर्ट्झच्या आसपास सँपलिंग, सगळी मिळून मेमरी १० सेकंदांची आणि एका पॅडवर जास्तीत जास्त अडीच सेकंद. आता गणित करा. मिनिटाला ९६ ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांचा एक बार किती वेळाचा होतो? अडीच सेकंदांचा. म्हणजे एका पॅडवर एक बार, काठोकाठ. एका बारचं लूप, म्हणजे गोल फिरत राहणारा तुकडा, ही त्या पिढीची आवड होतीच, पण ती यंत्राच्या पोटाच्या मापाचीही होती. जास्त हवं असेल तर ३३च्या गतीची तबकडी ४५वर फिरवून आत घ्यायची आणि मग यंत्रात खाली उतरवायची. अडीच सेकंदांत सव्वातीनच्या थोडा वरचा ऐवज बसतो. त्या चढवण्या-उतरवण्यात आवाजाची झिलई जाते आणि खरखरीत, धुरकट पोत येतो. आज लोक पैसे देऊन जो ‘जुना’ आवाज विकत घेतात, तो मुळात काटकसरीतून आला.

दुसरं यंत्र अकाईचं एमपीसी-६०, १९८८चं, रॉजर लिनने घडवलेलं. प्रीमियरचं नाव पुढे याच यंत्राशी कायमचं जोडलं गेलं. यात स्विंगसाठी टक्केवारी असते. ५० म्हणजे अगदी सरळ, ६६ म्हणजे पक्की तीनाची चाल, आणि मधल्या आकड्यांत सगळी मजा. ५४वर ठेवलंत तर स्विंग आहे हे कळतही नाही, फक्त अंग सैल होतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्येही हे बटण आहे. बहुतेक मुलं त्याला हात लावत नाहीत, किंवा एकदम ६६वर नेऊन टाकतात आणि मग दादरा ऐकू यायला लागतो.

आता लूप. चार मिनिटं तेच फिरतं ही तुमची तक्रार. एकदा सोलो तबलावादन ऐका. हार्मोनियम किंवा सारंगीवाला काय करतो? सोळा मात्रांचा एक लेहरा धरतो आणि अर्धा-पाऊण तास तोच वाजवतो. त्याने त्यात कलाकुसर केली तर तबलजी डोळे वटारतो. लेहरा बदलत नाही म्हणूनच तबल्यातला प्रत्येक बदल दिसतो: कायदा, पलटे, मधेच आडात, म्हणजे तिरक्या लयीत, गेलेला बोल, तीनदा वाजून समेवर, पहिल्या मात्रेवर, येणारी तिहाई. गँग स्टारचं लूप हा लेहरा आहे आणि गुरूचं बोलणं हा तबला. हे एकदा कानात बसलं की ‘काहीच घडत नाही’ असं वाटणं थांबतं. मी १९९२ साली तबला शिकत असून मला हे कळलं नाही, याची अजून लाज वाटते.

बरं, प्रीमियर जो लेहरा कापतो तो साधा नसतो. होतकरू माणूस लूप कापताना पूर्ण वाक्य कापतो, सुरुवात, मध्य, शेवट. ते लूप दर बारला घरी पोचतं, आणि आठव्या बारला कंटाळा येतो. कसलेले लोक सूर घरी पोचण्याच्या आधी कात्री लावतात, किंवा मूळ गाण्यात सम जिथे आहे तिथून सुरुवातच करत नाहीत. मधल्याच कुठल्या मात्रेवर आपली सम बसवतात. परिणाम असा होतो की दर बारला काहीतरी सुटेल असं वाटतं आणि सुटत नाही. ‘जस्ट टू गेट अ रेप’ ऐकताना पोटात जी अस्वस्थता राहते ती गोष्टीतल्या पिस्तुलाची कमी आणि या न सुटणाऱ्या सुरांची जास्त आहे. गोष्ट तशी छोटीच, नाव कमावण्यासाठी केलेली एक लूटमार आणि तिचा सूड. पण संगीत शेवटपर्यंत निकाल देत नाही.

इथे एक माझी फजिती सांगतो. २००३-०४च्या सुमारास एका जाहिरातीसाठी ‘जॅझी हिप हॉप’ हवं होतं. मी ड्रम बसवले, वर सॅक्सोफोनची एक लांबलचक तान चिकटवली, खाली डबल बासचं सँपल, आणि बाजूला तबकडीची खरखर. स्वतःवर खूश होतो. त्या दिवशी दुसऱ्या कामासाठी एक म्हातारे गोवेकर सॅक्सोफोनवादक आले होते. मुंबईतल्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोव्याच्या वादकांनी जॅझ आणला आणि टिकवला, त्या पिढीच्या शेवटच्या काहींपैकी एक. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो. त्यांनी चहा पीत पूर्ण ऐकलं. मला वाटलं सॅक्सोफोनबद्दल काही बोलतील. ते टेबलावर बोटांनी झांजेचा ठेका वाजवायला लागले, टिंग, टिंग-क-टिंग, आणि म्हणाले, “अरे मॅन, हा मधला ‘क’ कुठं गेला तुझा? सॅक्सोफोन काढून टाक. ‘क’ला जागा दे.” मी चिडलो होतो. घरी जाऊन सॅक्सोफोन काढला, हाय-हॅटचा, म्हणजे ड्रमसेटवरच्या झांजांच्या जोडीचा, दुसरा ठोका केसभर मागे ओढला, बासचे निम्मे सूर उडवले. जाहिरातवाल्यांनी ते नाकारलं, त्यांना सॅक्सोफोनच हवा होता. पण त्या रात्री मी ती जुनी कॅसेट शोधून काढली आणि पहिल्यांदा नीट ऐकली.

गाळण्याबद्दल अजून थोडं, कारण तुमच्या बीटमध्ये, मला खात्री आहे, एकाच वेळी सात गोष्टी वाजत असणार. या अल्बममधल्या बऱ्याच गाण्यांत एका वेळी तीन-चार गोष्टींच्या वर नसतात: ड्रम, बास, एक तुकडा, कधी एक हॉर्नचा फटका. बासही कित्येकदा बासवादकाचा नसायचा. त्या काळची युक्ती अशी की सँपल घ्यायचं, फिल्टरने वरचे सगळे सूर झाकून टाकायचे आणि खाली उरलेला गुरगुराट बास म्हणून वाजवायचा. भिंतीपलीकडच्या लग्नातलं गाणं ऐकू येतं ना, तसं. एसपी-१२००च्या वेगवेगळ्या आउटपुटना वेगवेगळे फिल्टर होते, पहिल्या दोनमधून आवाज सगळ्यात जास्त झाकून यायचा आणि शेवटच्या दोनमधून अजिबात न झाकता. वायर कुठल्या भोकात घालायची एवढ्यावर आवाजाचा रंग ठरायचा. आणि प्रीमियरची लाडकी खोड म्हणजे गुरूच्या एखाद्या शब्दाखालून ड्रम अचानक काढून घेणं. एक-दोन ठोके फक्त माणूस आणि शांतता. तिथे जे होतं, त्याला मी बेधडक जॅझ म्हणतो. लहान बँडमध्ये ड्रमर थांबला की सोलो वाजवणाऱ्याच्या पायाखालची जमीन जाते, आणि तेव्हाच कळतं की त्याची लय त्याच्या आत आहे की ड्रमरच्या.

गुरूची लय आत होती. आवाज जाड, शांत, जवळजवळ एका पट्टीत. तुम्हाला ‘एकाच सुरात’ वाटलं ते खरंच आहे, आणि त्याला स्वतःला याचं भान होतं. सगळं मुख्यतः आवाजावर आहे असं सांगणारं गाणं त्याने १९९४च्या अल्बममध्ये केलं. स्वर हलत नाही म्हणून लक्ष कुठे जातं? शब्द पडण्याच्या वेळेकडे. त्याचं यमक साधं असतं, ओळीच्या शेवटी येणारं, शब्दांची सर्कस नाही. पण ओळ ठोक्याच्या किंचित मागून सुरू होते, मधे चार शब्द घाईने भरतात आणि शेवटचा शब्द निवांत येऊन बसतो. कुठलाही चांगला सॅक्सोफोनवादक बॅलड वाजवताना हेच करतो. ‘प्रिसाइजली द राइट राइम्स’ हे नाव कुणा दुसऱ्या रॅपरने घेतलं असतं तर बढाई वाटली असती. गुरूच्या तोंडी ते हिशेबनिसाच्या शेऱ्यासारखं वाटतं.

स्क्रॅचचा, म्हणजे तबकडी हाताने घासण्याचा, मुद्दा लोक विसरतात. बऱ्याच गाण्यांत प्रीमियर ध्रुवपद गाऊन घेत नाही. दुसऱ्या रॅपरांच्या तबकड्यांवरून एक-एक वाक्य, कधी एकच शब्द उचलतो आणि हाताने पुढे-मागे घासून त्यांचं नवं वाक्य जुळवतो. जॅझमध्ये याला फार जुनी परंपरा आहे. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर सोलोच्या भरात मधेच भलत्याच गाण्याची ओळ वाजवून जायचा, ओळखणारे हसायचे, बाकीच्यांना पत्ता लागायचा नाही. कीर्तनकार निरूपण करता करता तुकोबांचा अर्धा चरण टाकून पुढे जातो, ज्याला माहीत आहे तो मनात पुरा करतो, तसंच काहीसं.

नावाबद्दल एकच सांगून पुढे जातो. ‘अरीना’ म्हणजे रोमन आखाडा, आणि शीर्षकगीतात गुरू माईकवरची झुंज ग्लॅडिएटरांच्या भाषेत मांडतो. हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये १९४०च्या दशकात रात्री-रात्री वादक एकमेकांना आजमावायचे. अवघड सुरावट, अंगावर येणारी लय, ज्याला झेपेल त्याने मंचावर थांबावं. तिथे पियानोवर थेलोनियस मंक असायचा. रॅपची चढाओढ आणि ही चढाओढ एकाच शहरातली, एकाच समाजातली, चाळीस-पन्नास वर्षांच्या अंतराने. गँग स्टार जॅझचं नाव घेतात तेव्हा त्यात हे नातंही असतं. फक्त तबकड्यांच्या दुकानातली आवड नव्हे.

१९९१च्याच सप्टेंबरात अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या रॅप गटाचा ‘द लो एंड थिअरी’ आला. तोही त्यांचा दुसरा अल्बम, आणि त्यात एका गाण्यावर खुद्द जॅझचा नामवंत वादक रॉन कार्टर डबल बास वाजवतो. तुम्हाला ‘जॅझ ऐकू येणारा’ अल्बम हवा असेल तर तो घ्या, लगेच आवडेल. पुढे १९९३ साली गुरूने ‘जॅझमटॅझ’ केला, डोनाल्ड बर्ड, रॉय एअर्स, लॉनी लिस्टन स्मिथ अशी खरी माणसं स्टुडिओत बोलावून. मोठं काम आहे, मान्य. पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर त्यात वादक आहेत, सोलो आहेत, सगळं आहे आणि तरी पकड थोडी सैल आहे. प्रत्येक जण दुसऱ्याला नम्रपणे वाट करून देतो. ‘स्टेप इन द अरीना’त कोणी कोणाला वाट देत नाही. तिथे ताण आहे. हे मत सर्वांना पटत नाही, मला माहीत आहे.

असा अल्बम पुन्हा का झाला नाही, त्याचं एक कारण कोर्टाचंही आहे. डिसेंबर १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीच्या विरोधात निकाल दिला. गायक गिल्बर्ट ओ’सुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा त्याने परवानगीशिवाय वापरला होता. त्यानंतर कंपन्या प्रत्येक तुकड्याची परवानगी मागू लागल्या, प्रत्येक तुकडा पैशाचा झाला. ‘स्टेप इन द अरीना’ त्या निकालाच्या अकरा महिने आधीचा. तुम्ही बीट विकणार असाल तर हा भाग गमतीत घेऊ नका. जुन्या मराठी-हिंदी गाण्याचा तुकडाही कुणाच्या तरी मालकीचा असतो, आणि गाणं चालायला लागलं की मालक हमखास उगवतो. सरावासाठी काय वाटेल ते कापा. बाहेर काढायचं ते स्वतः वाजवून किंवा वाजवून घेऊन काढा. नाशिकला हार्मोनियमवाला मिळेल, ढोलकीवाला मिळेल, त्याला दोन तास बसवा, मोबाइलवर का होईना रेकॉर्ड करा आणि मग तेच कापा. स्वतःच्या रेकॉर्डिंगवर कात्री चालवायला वकील लागत नाही.

शिकायचं काय, तर आधी एकच बार. तीन आवाज: किक, स्नेअर, हाय-हॅट. ग्रिड (ठोके आपोआप रेघेवर बसवणारी सोय) बंद करून पॅडवर हाताने वाजवा आणि सुधारू नका. वीस वेळा रेकॉर्ड करा, त्यांतला एक तुम्हाला मान हलवायला लावेल. त्याचे ठोके रेघेपासून किती मिलिसेकंद लांब पडलेत ते बघा आणि लिहून ठेवा, तो तुमचा हात आहे. मग मेमरी मुद्दाम तोडा. सँपल अडीच सेकंदांच्या वर घ्यायचं नाही असं स्वतःला बजावा. महिनाभर हे पाळणारे माझ्याकडे शिकायला आलेल्यांत थोडेच निघाले, पण जे निघाले त्यांची बीट न विचारता ओळखू येते.

शब्दांचं थोडं वेगळं आहे, आणि इथे मराठीची अडचण खरी आहे. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. आहे, नाही, होतं, गेलं. त्यामुळे नव्या मुलांच्या रॅपमध्ये प्रत्येक ओळ याच चार खिळ्यांना लटकलेली असते, यमक फुकट मिळतं आणि फुकटच जातं. शिवाय ‘आहे’ हा शब्द इतका हलका आहे की तो चौथ्या ठोक्यावर टाकला तर ठोका पोकळ वाजतो. क्रियापद पुढे आणा. बोलताना आपण आणतोच की: ‘गेला तो निघून’, ‘बघितलंय मी सगळं’. ओव्या आणि पोवाडे यांनी हे शेकडो वर्षं केलंय. शेवटच्या ठोक्यावर वजनदार नाम येऊ द्या, जोडाक्षराचं असेल तर फारच छान. ‘रस्ता’, ‘धक्का’, ‘हप्ता’ हे शब्द स्वतःच स्नेअरसारखे वाजतात. आणि मग गुरूसारखं, ओळ थोडी उशिरा उचलून बघा. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटेल. तबल्याच्या क्लासात मी पहिल्यांदा आडात गेलो तेव्हा गुरुजींनी हात धरला नाही, नुसती टाळी देत राहिले, मी समेवर परत येईपर्यंत.

आज रात्री ‘जस्ट टू गेट अ रेप’ लावा. पहिल्यांदा ऐकताना शब्द सोडून द्या, फक्त हाय-हॅट ऐका. दुसऱ्यांदा फक्त बास. तिसऱ्यांदा हाताने टाळी द्या, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर, आणि गुरूचा प्रत्येक ओळीतला पहिला शब्द तुमच्या टाळीच्या आधी येतो की नंतर ते मोजा. कागदावर आधी-नंतर अशा खुणा करत जा. गाणं संपलं की तो कागद बाजूला ठेवा आणि तुमच्याच एखाद्या गाण्याची अशीच मोजणी करा. दोन्ही कागद शेजारी ठेवून जे दिसेल ते मला लिहून पाठवा, पुढचं त्यावर बोलू.